एक पुडी, एक पेला

मोठ्या सरांच्या टेबलाच्या डाव्या खणात आठ महिन्यांपासून एक पत्र पडून होते. वहीचा रेघी कागद, निळी शाई, एकेक अक्षर सुटे सुटे. त्याला उत्तर द्यायचे राहिले होते. सर ते विसरले होते असे मात्र नाही. खण उघडला की पत्र दिसे, पत्र दिसले की कपाळाला आठी पडे, आणि आठी पडली की खण पुन्हा बंद होई.

सर मुलांच्या विभागाचे प्रमुख होते. सगळे रुग्णालय त्यांना 'मोठे सर' म्हणे. पत्र एका आईचे होते. तिच्या सव्वा वर्षाच्या मुलाला जुलाब लागले म्हणून ती त्याला सरांच्या ओपीडीत घेऊन आली होती. त्याला तपासले, जलसंजीवनीची पुडी पाण्यात कालवून पाजायला सांगितले आणि दोन मिनिटांत घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी मुलगा तहानेने कासावीस झाला, मग त्याला झटके येऊ लागले. आईने त्याला घराजवळच्या दुसऱ्या रुग्णालयात नेले.

'तिथल्या डॉक्टरांनी विचारले, एक पुडी किती पाण्यात घातलीत? मी सांगितले. ते म्हणाले, बाई, माप चुकले, फार खारट झाले. पाच दिवसांनी आम्ही घरी आलो. आता तो बरा आहे, धरून धरून चालतो. मला कोणाविरुद्ध तक्रार करायची नाही.'

इथे कागद संपला होता. सरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पत्राची घडी घातली. त्यानंतर त्यांना जो राग आला तो विचारू नका! त्याच दुपारी त्यांनी सापडतील तेवढे निवासी डॉक्टर गोळा केले.

"कोण तो शहाणा? आईला माप चुकीचं सांगणारा? डॉक्टर होऊन आलात, वर तीन वर्षं मुलांच्या आजारांचं शिक्षण घेताय, आणि एक पुडी कालवायला येत नाही? अहो, शेजारच्या काकूंना येते!"

सगळे खाली माना घालून उभे. कोणीही पुढे आले नाही.

"म्हणा माझ्यामागे. एक पुडी, एक पेला!"

"एक पुडी, एक पेला," अकरा डॉक्टर बालवाडीतल्या मुलांसारखे एका सुरात म्हणाले.

सरांनी ते तीनदा वदवून घेतले. आणि ठरवले, दोषी सापडला की आईला उत्तर लिहायचे, त्याच्याच सहीने माफी मागून. दोषी काही सापडला नाही. उत्तरही राहिले.

सरांचा वैताग तेव्हापासून जो सुरू झाला तो कमी व्हायचे नाव घेईना. त्यात गुरुवारचे व्याख्यान ही दर आठवड्याची भर. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता सर निवासी डॉक्टरांना शिकवत. हजेरीपटावर नावे चोवीस. त्या गुरुवारी समोर चारजण बसले होते. त्यातला एक बसल्या बसल्या डुलक्या घेत होता, दुसऱ्याचे लक्ष दाराकडे होते, तिसऱ्याचा फोन दर दोन मिनिटांनी थरथरत होता आणि चौथी, तिसऱ्या वर्षाची एक मुलगी, कानात काहीतरी घालून आली होती.

"तुझ्या कानातले ते बोळे काढ आधी," सर म्हणाले.

या मुलीला वॉर्डात सगळे 'बडबडी' म्हणत. मोठ्या सिस्टरांनी ठेवलेले नाव ते. सुई टोचण्यापूर्वी ती दोन वर्षांच्या पोराशीही इतकी बोले की पोर रडायचे विसरून तिच्या तोंडाकडे बघत राही.

"सॉरी सर. येता येता ऐकत होते."

"गाणी?"

"ताप, सर."

"काय?"

"मुलांचा साधा ताप. कधी घरी बघायचा, कधी धावत आणायचं, आईला काय विचारायचं. आठ मिनिटांचा भाग आहे. म्हणजे पॉडकास्ट, सर. आपलाच. आम्ही तिघांनी मिळून फोनवर बोलून ठेवलाय. रेडिओसारखंच, फक्त आपल्याला हवा तेव्हा लावायचा." तिने एक श्वास घेतला आणि गाडी पुढे हाकली. "सर, वॉर्डात येणारी निम्मी मुलं ताप, सर्दी, खोकला, जुलाब, कानदुखी यांचीच असतात. आणि आम्हाला नेमकं तेच कोणी शिकवत नाही. दुर्मीळ आजार परीक्षेला येतात, म्हणून सगळे तेच शिकवतात. मला असे आजार पाठ आहेत जे मला जन्मात दिसणार नाहीत. पण गेल्या वर्षी पहिल्यांदा एका बाळाचा कान बघायला गेले, तर बाळ कसं धरायचं तेच मला ठाऊक नव्हतं."

"मग व्याख्यानाला यायचं, विचारायचं."

"येऊ कधी, सर? बारा वाजता ओपीडी संपत नाही. जे रात्रपाळी करून आलेत ते बिछान्यात असतात. सहाजण गावाकडच्या दवाखान्यांत आहेत. पण कपडे धुताना, बसमध्ये, रक्ताच्या रिपोर्टची वाट बघताना, कान मोकळे असतात हो! सर, जुलाबावरचा भाग तुम्ही बोलाल? तुमच्याइतकी जुलाबाची मुलं कोणी बघितली नाहीत."

सर संतापले. हसूही आले, पण ते त्यांनी दाबले. "मी तीस वर्षं फळ्यापाशी उभा राहून शिकवतोय. आता लोकांचे कपडे धुवून होईपर्यंत त्यांच्या कानात कुजबुजू? मला माफ कर. उद्या म्हणाल, बाळंतपणंही फोनवरच करा! शिकायचं तर समोर बसून, वहीत लिहून, मान मोडून शिकायचं. बसमध्ये ऐकून डॉक्टर होता आलं असतं तर कंडक्टर सगळे सर्जन झाले असते."

डुलक्या घेणारा नेमका या वाक्याला जागा झाला आणि एकटाच हसला. सर फायली उचलून निघून गेले.

वॉर्डात मोठ्या सिस्टर औषधांची कपाटे तपासत होत्या. त्या या विभागात सरांच्याही चार वर्षे आधी आलेल्या. पुढच्या महिन्यात निवृत्त व्हायच्या होत्या. आणि निवृत्तीला आलेल्या माणसाला एक सवलत असते, त्याला कोणाची भीती वाटत नाही.

"चेहरा उतरलाय," त्या म्हणाल्या. "किती आले होते?"

"चार."

"अरे वा! गेल्या वेळेपेक्षा एक जास्त."

"सिस्टर, थट्टा नको. ही पिढी कामातून गेली आहे. आता म्हणे पॉडकास्ट. तो तापाचा भाग ऐकलाय का कोणी, देव जाणे."

"एकोणीसजणांनी ऐकलाय. मीही ऐकला, सकाळी केस विंचरताना. छान आहे. त्यात एक चूक होती, मी त्या पोरीला सांगितली. तिने दुसऱ्या दिवशी तो भाग दुरुस्त करून परत टाकला. सर, रागावू नका, पण एक विचारू? तुमच्या व्याख्यानातली चूक तुम्हाला शेवटची कोणी सांगितली?"

"माझ्या व्याख्यानात चुका नसतात."

"तेच म्हणते मी," सिस्टर कपाटाचे दार लावत म्हणाल्या. "तुम्ही बारा वाजता पान मांडता, भूक त्यांना चार वाजता लागते. मग तुम्ही म्हणता, पोरं उपाशी मरायच्याच लायकीची. चार वाजता वाढलं तर तुमच्या हाताला काय होणार आहे? आणि वाढपी कोण, भांडं कोणतं, याचा मान जेवणाऱ्याच्या पोटाहून मोठा का?"

सर फायली काखेत मारून आपल्या खोलीकडे वळले. पण चोवीसांतले एकोणीस हा आकडा त्यांच्या डोक्यात दिवसभर माशीसारखा घोंघावत राहिला. आपल्याकडे चार आणि त्या पोरीकडे एकोणीस! शुक्रवारी त्यांनी जुलाबावरचे टिपण काढले, शनिवारी ते पुन्हा लिहिले, आणि सोमवारी बडबडीला गाठून कोरड्या आवाजात म्हणाले, "एकदाच. आठ मिनिटं. नंतर मला त्रास द्यायचा नाही."

भाग बोलून ठेवायला त्यांना निवांत जागा मिळेना. सरांच्या खोलीत आवाज घुमे, वर्गात पंखा कुरकुरे, वाचनालयात बोलायला बंदी. शेवटी सिस्टरांनी चादरींच्या खोलीची किल्ली दिली. धुऊन आलेल्या चादरींचे गठ्ठे तिथे छतापर्यंत रचलेले असत, त्यामुळे आवाज जिथल्या तिथे विरे. बडबडीने एका गठ्ठ्यावर फोन ठेवला. सर स्टुलावर बसले. सिस्टर कोपऱ्यात चादरी मोजत उभ्या राहिल्या. चादरी मोजायचे निमित्त होते, हे सरांना कळत होते.

"बोला, सर."

सरांनी घसा खाकरला. "अतिसार ही बालकांमधील एक महत्त्वाची समस्या असून, तिच्या कारणमीमांसेचा विचार करता—"

"सर," बडबडीने फोन थांबवला. "असं नको ना. असं ऐकलं तर बसमध्ये झोप लागेल आणि स्टॉप चुकेल."

"मग कसं?"

"ओपीडीत आईशी बोलता तसं. तुम्ही काय छान बोलता तिथे! समजा मी आई आहे, हे माझं बाळ." तिने एक चादर गुंडाळून मांडीवर घेतली. "डॉक्टर, काल रात्रीपासून सात वेळा झाली हो याला."

सर नकळत पुढे झुकले. त्यांनी चादरीच्या गालाला, म्हणजे जिथे गाल असता तिथे, बोट लावले. आवाज एकदम मऊ झाला. "काही घाबरू नकोस, बाळा. जुलाबात पोराच्या अंगातलं पाणी जातं, ते आपण परत द्यायचं. एवढंच औषध. ही एक पुडी, एक पेला उकळून गार केलेलं पाणी. नीट ढवळ, आणि चमच्या-चमच्यानं पाजत राहा. ओकला तर दहा मिनिटं थांब, आणि परत—"

"थांबवा ते यंत्र," सिस्टर म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिले. सिस्टरांचे मोजणे कधीच थांबले होते.

"सर, कोणती पुडी?"

"कोणती म्हणजे? आपली. जलसंजीवनीची."

"आपली म्हणजे कोणती?"

"अहो सिस्टर, तीस वर्षं—"

सिस्टरांनी खिशातून एक पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. तळहाताएवढी होती. सरांच्या मनात जी पुडी होती ती याच्या पाव भागाएवढीही नव्हती. त्यांनी दोरीला लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवला. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते, 'एक लिटर पाण्यासाठी'.

"दीड वर्ष झालं," सिस्टर म्हणाल्या. "स्टोअरने छोट्या पुड्या आणायच्या बंद केल्या. ती एका पेल्याची होती. ही लिटरची, म्हणजे पाच पेल्यांची. तुम्ही चिठ्ठी लिहून देता, पुडी मिळते औषधाच्या खिडकीत. तुमच्या हातात ती येतेच कधी?"

सर पुडी उलटसुलट करून पाहत राहिले. जसे काही दुसऱ्या बाजूला वेगळे लिहिलेले निघणार होते.

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत?" आवाज चढला, पण अर्ध्यातच मोडला.

"सांगितलं होतं. राउंडला. तुम्ही सहा डॉक्टर मागे घेऊन चालला होतात. म्हणालात, 'सिस्टर, स्टोअरचं स्टोअरला सांगा.' मग मी फळ्यावर नोटीस लावली. ती अजून तिथे आहे, सहलीच्या कागदाखाली. शेवटी मी दारात उभी राहायला लागले. जुलाबाचं पोर घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक आईला गाठते आणि सांगते, पाच पेले घ्या. पण माझी साप्ताहिक सुट्टी असते, रजा असते. तेव्हा किती जणी तशाच गेल्या, मला माहीत नाही. आणि सर, मीही चुकलेच. एकदा सांगून तुम्ही ऐकलं नाहीत, तर दहादा सांगायला हवं होतं. मी रुसून दारात जाऊन उभी राहिले. तिथे एकेक आई सुधारत बसले आणि माप तसंच राहू दिलं."

बडबडीच्या मांडीवरची चादर केव्हाच सुटली होती.

"तुम्ही काय सांगता आयांना?" सरांनी तिला विचारले.

"एक पुडी, एक पेला," ती हळूच म्हणाली. "आम्ही सगळेच. ओपीडीत तुमच्यामागे उभं राहून शिकलो. पुस्तकात लिटर वाचलं होतं मी, सर. मला वाटलं, पुस्तकातली पुडी मोठी असेल. तुम्हाला कसं विचारणार? आणि मागे तुम्ही आम्हाला एवढे बोललात ना, की कोणीतरी माप चुकीचं सांगितलं, त्या दिवशी तर तुम्ही ते आमच्याकडून पाठच करून घेतलंत."

चादरींच्या त्या खोलीत शब्द घुमत नसे. तरी सरांना अकराजणांचा सूर ऐकू आला.

ते उठले. तडक आपल्या खोलीत गेले, डावा खण ओढला आणि पत्र घेऊन परत आले. का आणले, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. त्यांनी ते बडबडीच्या हातात दिले. "हे ते पत्र. आईला उत्तर द्यायचं राहिलंय. दोषी सापडायची वाट बघत होतो."

बडबडीने पत्र वाचले. मग कागद उलटला.

"सर, मागे पण आहे."

"मागे?"

"मागच्या बाजूला. तुम्ही वाचलं नाही?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. तक्रार नाही म्हटल्यावर त्यांनी कागद उलटून पाहिलाच नव्हता! आठ महिने!

"मोठ्याने वाच," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

बडबडी वाचू लागली. " 'मला ज्यांनी सांगितले ते वयस्कर डॉक्टर होते. चष्म्याला दोरी होती. मला बाळा म्हणाले, मुलाच्या गालाला हात लावला. इतक्या प्रेमाने आमच्याशी कोणी बोलत नाही, म्हणून मी त्यांचा शब्द न शब्द पाळला. पेला काठोकाठ भरला, कमी नको म्हणून. मुलगा तोंड फिरवायचा, थुंकायचा, तरी नाक धरून पाजले. त्यांच्यावर माझा राग नाही. पण काल माझी बहीण तिच्या मुलीला घेऊन तुमच्याकडे आली होती. तिलाही तरुण डॉक्टरांनी तेच सांगितले, एक पुडी, एक पेला. ती घरी आल्यावर माझ्याशी फोनवर बोलली म्हणून मी तिला थांबवू शकले. फोन लागला नसता तर? मला भरपाई नको, माफी नको. तुमच्याकडे आता तसे सांगत नाहीत, एवढे एका ओळीने कळवा. मग मला झोप लागेल.' "

सिस्टरांनी पदराने डोळे टिपले आणि लगेच चादरींकडे वळल्या.

हाय रे दैवा! आठ महिने ज्या दोषीला सर शोधत होते, तो रोज सकाळी त्यांच्याच आरशात दाढी करत होता!

"आत्ताच्या आत्ता सगळ्यांना बोलावून घे," सर उभे राहिले. "चोवीसच्या चोवीस!"

"नाही येणार सर," बडबडी म्हणाली. "म्हणजे येऊच शकत नाहीत. सहाजण गावाकडे, चारजण रात्रपाळीचे, दोघं रजेवर. पुढच्या आठवड्यात नवीन तुकडी येणार. तुम्ही आज दहाजणांना सांगाल, ते दहाजण उद्या पाचांना सांगतील, तिसऱ्या दिवशी कोणीतरी परत जुनंच सांगेल. पण फोनवर—"

ती थांबली. वाक्य पुरे करायची गरज नव्हती. सरांनी स्टूल गठ्ठ्याजवळ ओढले.

"लाव ते यंत्र," ते म्हणाले. "आणि मध्ये थांबवायचं असेल तर थांबव. सिस्टर, तुम्हीही."

त्या दुपारी जो भाग तयार झाला त्याची सुरुवात अशी होती: "मी तुमचा विभागप्रमुख बोलतोय. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. माझ्यामुळे एका मुलाला झटके आले. आता हातातलं काम थांबवा आणि नीट ऐका." पुढची सात मिनिटे साधी होती. आधी पुडी हातात घ्या. तिच्यावरचे माप मोठ्याने वाचा. घरातल्या कोणत्या भांड्यात तेवढे पाणी मावते ते आईला विचारा. मग 'कसे कालवणार, सांगा बरं,' म्हणून तिच्याच तोंडून वदवून घ्या. मूल मलूल झाले, पाणीही पोटात ठरेना, लघवी झाली नाही, जुलाबात रक्त दिसले, तर घरी थांबू नका असे तिला स्पष्ट सांगा. दहा वेळा तोडून, दहा वेळा जोडून हा भाग पुरा झाला. सिस्टरांनी चारदा थांबवले. एकदा तर केवळ 'सर, दम घ्या' असे सांगायला. शेवटी सरांनी एक वाक्य जोडले आणि पुढच्या प्रत्येक भागाला ते जोडायचे ठरले. "यात काही चुकलं असेल तर आजच कळवा. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरने कळवलं तरी चालेल, वॉर्ड झाडणाऱ्या मावशींनी कळवलं तरी चालेल."

सर त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला बसणार होते. कागद घेतला, पेन उघडले, आणि थबकले. आता तसे सांगत नाहीत, असे लिहायचे. पण ते खरे आहे हे कशावरून?

दुसऱ्या दिवसापासून सिस्टरांच्या जागी सर स्वतः ओपीडीच्या दारात उभे राहू लागले. जुलाबाचे मूल घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक आईला विचारत, "बाई, काय सांगितलं डॉक्टरांनी?" पहिल्या दिवशी सातजणींनी बरोबर सांगितले. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी एक जण म्हणाली, "एक पुडी, एक पेला." सरांचे डोके असे भडकले की विचारू नका. बाईला थांबवून, माप समजावून ते आत घुसले. रजेवरून त्याच सकाळी परतलेला एक डॉक्टर गडबडून उभा राहिला.

"भाग ऐकला नाहीस?"

"सर, घरी जाऊन ऐकणार होतो, आल्या आल्या—"

"आत्ता ऐक!" सरांनी आपला फोन काढला, बराच वेळ चुकीची बटणे दाबली, शेवटी रांगेतल्या एका आजोबांनी तो लावून दिला आणि सरांनी फोन स्वतःच्या हाताने त्या डॉक्टरच्या कानाला धरला. आठ मिनिटे! रांग बघत होती. दोघी-तिघी आया मान वाकडी करून ऐकतही होत्या. एक जण तर म्हणाली, "डॉक्टर, आमच्या फोनवर मिळेल का हो हे?"

सरांनी तिच्याकडे पाहिले. हे त्यांना सुचलेच नव्हते! बडबडीला सुचले होते, पण नंतर विचारल्यावर ती म्हणाली, "तुम्ही अजून कपडे धुताना ऐकणाऱ्यांवर रागावलेले होतात सर, म्हटलं थोडं दमाने घेऊ." पुढच्या आठवड्यात आयांसाठी वेगळा भाग निघाला. तो सिस्टरांच्या आवाजात आहे. सरांचा आवाज फार चिडका येतो, असे सर्वानुमते ठरले.

गुरुवारचे व्याख्यान बंद झाले नाही. पण आता सर आधी भाग पाठवतात आणि गुरुवारी फक्त प्रश्न घेतात, तेही दुपारी चारला. सगळे येतात असे समजू नका. नऊ येतात, कधी अकरा. सर अजूनही चिडतात. फक्त चिडल्यावर एकदा कागद उलटून बघतात.

वाचकहो, ही गोष्ट रुग्णालयातली असली तरी रुग्णालयापुरती नाही. आपण घरात वडील असू, कचेरीत साहेब असू, वर्गात मास्तर असू. आपली एखादी ओळ वर्षानुवर्षे बरोबर ठरते, मग एके दिवशी पुडी बदलते आणि आपल्याला कोणी सांगत नाही. सांगत नाहीत, कारण सांगणाऱ्याला आपण कधीतरी 'स्टोअरचं स्टोअरला सांगा' म्हणून परतवलेले असते. नवी पिढी ऐकत नाही, ही तक्रार आपण जरूर करावी. पण तिच्या वेळेला, तिच्या कानापर्यंत आपण पोहोचतो का, आणि आपली चूक दाखवायची वाट तिच्यासाठी मोकळी ठेवतो का, हे आधी तपासावे. ज्ञान साध्या आजाराचे असो की दुर्मीळ, ते फळ्यावरून आले की फोनवरून, याने त्याची इभ्रत कमीजास्त होत नाही. ते आईच्या पेल्यापर्यंत बरोबर पोहोचले पाहिजे!

सलग तीन आठवडे एकही आई चुकीचे माप घेऊन बाहेर पडली नाही, तेव्हा सरांनी पुन्हा कागद घेतला. पहिला मसुदा चार पानांचा झाला. तो बडबडीला दाखवला.

"सर, यात पहिली तीन पानं पुड्यांचा इतिहास आहे."

"संदर्भ नको का?"

"त्या बाईंना एक ओळ हवी आहे."

सरांनी दुसरा लिहिला, फाडला. तिसरा फाडला. चौथा असा होता:

'ताई, आता आमच्याकडे तसे सांगत नाहीत. ते सांगणारा वयस्कर डॉक्टर मीच. तुमच्या पत्राची मागची बाजू मी आठ महिने वाचली नव्हती, हा दुसरा अपराध. तुम्ही माफी नको म्हणालात, तरी मागतो. तुमच्या बहिणीच्या मुलीला बरे आहे ना, हे जमल्यास कळवावे.'

खाली सही, आणि सहीखाली, सवयीने, पदवी. पदवी त्यांनी खोडली.

पत्र कचेरीतल्या टपालात टाकता आले असते. पण ते स्वतः निघाले, सकाळच्या ओपीडीआधी, रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी. पाकीट आत सोडण्यापूर्वी त्यांनी पत्ता वाचला, मग पाकीट उलटून मागची बाजूही वाचली, तिथे काहीच नव्हते. मग ते सोडून दिले.